भार चौऱ्याऐंशी

हिंदुराव खराडे यांच्याशी बोलणारा माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत नसे, कमरेकडे बघे. तिथे पट्ट्यात अडकवलेली साबणाच्या वडीएवढी राखाडी डबी होती आणि डबीवर एक दिवा. दिवा हिरवा असला की बोलणारा पुढचं वाक्य बोले. पिवळा झाला की विषय बदले, नाहीतर घरचं काही काम आठवून उठे. तांबडा दिवा बोरशिंगे गावात फार थोड्यांनी पाहिला होता. तिथपर्यंत गोष्ट कुणी जाऊच देत नसे.

हे सगळं मायेपोटी चाललं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हाही प्रश्नच होता.

हिंदुराव कुस्ती मैदानांचे निवेदक. वारणेच्या दोन्ही काठांवरच्या जत्रांत तीस वर्षं त्यांचा आवाज घुमला. पैलवान आखाड्यात उतरण्याआधी त्याचं घराणं, त्याचा वस्ताद, त्याने गेल्या हंगामात कुणाला कसं आस्मान दाखवलं, हे ते अशा जोरात सांगत की शेवटच्या रांगेतला म्हाताराही पुढे सरकून बसे. माइक बंद पडला तरी त्यांचं काम अडत नसे. साठीला पोचताना त्यांचं हृदय थकलं. स्नायू ताणून पातळ झाला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांच्या छातीत पंप बसवला, त्याला आता दोन वर्षं झाली होती.

पंप अंगठ्याएवढा. त्यात एक चक्र चुंबकाच्या बळावर तरंगत फिरतं, कशालाही न टेकता, आणि हृदयातलं रक्त पुढे ढकलतं. चक्र फिरवणारी मोटर छातीत आणि तिला हुकूम देणारा नियंत्रक कमरेवर. मध्ये पोटातून बाहेर आलेली बोटभर जाडीची केबल. माणूस चिडला, धावला, हरखला की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. तेवढंच रक्त पुढे ढकलायला मोटरला जास्त वीज ओढावी लागते. वीज दुप्पट झाली की तारांमधली उष्णता चौपट होते. कारखान्यातली मोटर अशी तापली तर तिची वेटोळी जळतात. इथे त्याआधीच भलतं घडतं. मोटरच्या कवचाला लागून वाहणारं रक्त गरम होतं आणि त्याची गुठळी धरू शकते. ती गुठळी मेंदूत गेली की संपलं.

म्हणून नियंत्रकात भार-संरक्षण होतं. गुऱ्हाळाच्या चरख्यात एकदम जास्त ऊस सारला की भिंतीवरची पेटी मोटर बंद पाडते, तोच हा प्रकार. फरक एवढाच की ही मोटर बंद पाडून चालत नाही. त्यामुळे नियंत्रक तिचा वेग उतरवतो आणि साठलेली उष्णता निघून गेली असा त्याचा हिशेब जमेपर्यंत उतरवलेलाच ठेवतो. तेवढा वेळ माणसाला गरगरतं. बसून राहावं लागतं.

इथवर कुणाची हरकत नव्हती. हिंदुरावांच्या कमरेवरच्या, पुढच्या पिढीच्या नियंत्रकाने एक पाऊल पुढे टाकलं. भार आल्यावर वेग उतरवण्यापेक्षा भार येणार हे आधी ओळखलं तर? खिशातल्या फोनकडून तो ऐकू लागला. कुणाचा आवाज आला, कुठला विषय निघाला, त्यानंतर किती वेळात दाब चढला, हे तो शिकत गेला. शिकलेलं तो घरच्यांना आणि नेहमी येणाऱ्यांना कळवू लागला. जो भेटून गेला किंवा फोनवर बोलला त्याच्या फोनवर त्या भेटीचा, त्या बोलण्याचा भार आकड्यात येई, शून्य ते शंभर. रुग्णाला मात्र हा आकडा दाखवायचा नाही असं ठरलं होतं. त्याचाही त्याच्यावर भार येईल म्हणून.

दोन वर्षांत घर शांत होत गेलं. मुलगा रणधीर दूध संघात होता. तो घरात शिरला की आवाज खाली आणे. सून शीतल तर आधीच मऊ बोलणारी. टीव्हीवर हवामान आणि पिकांची माहिती लागे. जत्रेच्या आठवड्यात हिंदुरावांना गाडीत घालून पन्हाळ्याला साडूच्या घरी नेलं जाई, हवापालटाला. त्यांच्या तालमीतला जुना जोडीदार वारला ते त्यांना तेराव्यानंतर कळलं. तेही जेवताना, कोशिंबिरीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात.

आणि मुक्ता फोन करत नव्हती.

मुक्ता त्यांची धाकटी. कुस्तीच्या जोरावर पोलिसांत लागलेली, नाशिकला नेमणूक. पूर्वी रविवारी तिचा फोन यायचा आणि बापलेकीचं भांडण शेजारच्या आळीत ऐकू जायचं. आधी फोन लांबले, मग तुटक झाले, मग नुसते निरोप येऊ लागले. ‘बरी आहे. काळजी घ्या.’ हिंदुराव फोन करत तेव्हा ती कामात असे. पोरगी मोठी झाली, साहेबीण झाली, असं ते मनाशी म्हणत. हे म्हणायला सोपं होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून ते रस्त्याकडे बघत आणि दिवा हिरवागार असे.

बापू कोळेकर हलगीवाला. हिंदुरावांच्या निवेदनाला तीस वर्षं त्याची हलगी. तो अधूनमधून येऊन बसे. त्या दिवशी तो पावसापाण्याचं, म्हशीचं, पुन्हा पावसापाण्याचं बोलून उठला. चपला घालताना त्याचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि खूश झाला.

“सव्वीस!” बापू म्हणाला. “मागच्या टायमाला एकतीस हुतं. सुधारतोय मी.”

“कसलं सव्वीस?”

बापूचा हात खिशाजवळ थांबला. “काय न्हाई गा. क्रिकेट.”

“बापू, आयुष्यात तू क्रिकेट बघितलं न्हाईस. इकडं आण.”

बापूने फोन दिला नाही, पण सांगितलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. हिंदुरावांनी ऐकून घेतलं.

“म्हंजे मला भेटून गेल्यावर सगळ्यास्नी मार्क पडत्यात?”

“मार्कच म्हणायचं. पर उलटे. कमी पडलं ते पास.”

“म्हणून तू दोन वरसं म्हशीवर बोलायलास व्हय?”

“मला काय हौस हाय? एकदा येडगावच्या मैदानाचा विषय काढला तर अडतीस आलं. रणधीरनं घरी येऊन हात जोडलं मला.”

मग त्यांनी विचारलं, “मुक्ताचं किती?”

बापूने त्यांच्या कमरेकडे बघितलं.

“दिव्याकडं नगं बघूस. किती?”

“तुझ्या पोरालाच इचार,” बापू म्हणाला आणि एका पायात चप्पल नीट नसतानाच चालू लागला.

रणधीर घरी आला तेव्हा हिंदुराव ओट्यावरच होते. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. रणधीरनेही घेतले नाहीत.

“चौऱ्याऐंशी,” तो म्हणाला. “आठ महिन्यांमागं तुम्ही न्हाणीत पडला होता ना, मनगट मोडलं तेव्हा? त्याआधी तिचा फोन होता. एकेरी पटाच्या डावावरून तुमचं वाजलं होतं. फोन ठेवून तुम्ही हात धुवायला गेला आणि यंत्रानं वेग उतरवला. तिला नाशिकमध्ये आकडा आला आणि पाठोपाठ माझा फोन गेला.”

“तिनं मला पाडलं असं वाटतंय तिला?”

“वाटतंय काय अण्णा. तिनं आकडा बघितलाय.”

“आणि तू सांगितलंस, फोन करू नको.”

“मी न्हाई सांगितलं. तिनंच ठरवलं. रडली फोनवर. म्हणाली, सगळ्यात जड मीच आहे तर मी लांब राहते.” रणधीरचा आवाज आजही खालीच होता, पण वेगळा. “मला विचारा की किती येतो.”

“किती येतो?”

“नऊ. रोज नऊ. कधी आठ.” तो दाराच्या चौकटीला टेकला. “पहिल्यांदा बरं वाटायचं. डॉक्टर म्हणायचे, मुलगा उत्तम सांभाळतोय. नंतर नंतर वाटायला लागलं, मी घरात आलो काय, गेलो काय, तुमच्या छातीत काही हालतच न्हाई.”

रणधीर आत गेला, शीतलने चहा आणून ठेवला आणि ‘गरम आहे हां’ एवढंच म्हणाली. चहावर साय धरली तरी हिंदुराव तिथेच होते. आपल्याभोवती दोन वर्षं माणसं कशी लावली गेली हे त्यांच्या लक्षात येत होतं. सगळ्यात हलकी सगळ्यात जवळ. जी जड होती ती एकेक करून दिसेनाशी झाली होती, आणि त्यांनी मात्र समजूत करून घेतली होती की लोक विसरले.

त्याच आठवड्यात त्यांना दुसरीही गोष्ट कळली. बापूला एकदा बोलतं केलं की तो थांबत नसे. यंदाच्या जत्रेत बोरशिंग्याच्या मैदानात महिलांची पहिल्या नंबरची कुस्ती मुक्ताची होती. गुडघ्यामुळे हा तिचा शेवटचा हंगाम. गावच्या मातीत तिची शेवटची कुस्ती, आणि त्या दिवशी हिंदुरावांची पन्हाळ्याला रवानगी ठरलेली.

ते कोल्हापूरला गेले. रणधीरला बरोबर घेऊनच गेले.

पंपांचा विभाग रेहाना मुजावर सांभाळत असे. वैद्यकीय उपकरणांची अभियंता, पस्तिशीतली, बोलायला सरळ. हिंदुरावांशी बोलताना तीही दिव्याकडे बघे, पण ते तिचं कामच होतं.

“हे बंद करा,” हिंदुराव म्हणाले.

“पंप?”

“पंप कशाला बंद करता? माझी मयत काढायची हाय का? ते माणसांस्नी आकडं पाठवणं बंद करा. आणि वेग उतरवणं पण.”

“आकडे आज बंद करते,” रेहाना म्हणाली. “दुसऱ्यांदा ऐकतेय मी हे. एका बाईंच्या तिन्ही सुना आता त्यांच्याशी फक्त शून्य भाराचंच बोलतात. पण वेग उतरवणं ही चैन नाहीये काका. ते तुमचं रक्त वाचवतं.”

“ते नसतंच असा एकबी पंप न्हाई का जगात?”

ती हसली. “आहे. उंच इमारतींत आग विझवायचा पंप असतो ना, त्याच्या मोटरला ओव्हरलोडचं संरक्षण मुद्दाम देत नाहीत. भार जास्त झाला म्हणून ती मोटर आगीच्या मध्येच बंद पडून चालणार नाही. ती फक्त घंटा वाजवते. जळाली तर जळाली, पाणी पोचलं पाहिजे.”

“मग माझं तसं करा. घंटा वाजू दे.”

“तिथे मोटर बदलता येते.”

रणधीरने वडिलांचा मोडून जुळलेला हात धरला. असं त्याने बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

“नियंत्रकात तशी सोय आहे,” रेहाना पुढे म्हणाली. “वेग उतरणार नाही, फक्त इशारा देईल. तेव्हा थांबायचं की नाही हे तुमच्यावर. प्रत्येक वेळी इशारा डावलला की गुठळीची शक्यता वाढते. किती, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. रक्त पातळ ठेवायचं औषध वाढवावं लागेल, दर आठवड्याला तपासणी. आणि हे मी एकटी करणार नाही. डॉक्टर तुमच्याशी बोलतील, नको म्हणतील, पुन्हा बोलतील. कशासाठी हवंय ते त्यांना नीट सांगा.”

“पोरीशी भांडायचंय,” हिंदुराव म्हणाले.

डॉक्टर नको म्हणाले, पुन्हा बोलले, रणधीरला एकट्याला बोलावून बोलले. रणधीर बाहेर आला आणि म्हणाला, “मी हो म्हणालो अण्णा. नंतर मला शिव्या घालू नका.” हिंदुरावांनी तिथेच त्याला एक शिवी घातली. रणधीर गाडी काढताना हसत होता. त्याला आकडा आला नाही.

मैदानाच्या दिवशी ते पन्हाळ्याला गेले नाहीत. नव्या निवेदकाने त्यांना स्टेजकडे येताना बघितलं, खुर्ची सोडली आणि माइक पुढे केला. बापूने हलगी शेकोटीवर तापवून घेतली होती. जत्रा कमिटीचे दोघंतिघं हिंदुरावांच्या कमरेकडे बघत उभे होते. दिवा पिवळा होता.

“मंडळी,” हिंदुराव म्हणाले. दोन वर्षांत आवाजाला गंज चढला होता. त्यांनी घसा साफ केला. “मंडळी, मागं सरा, माती मोकळी करा. येतीय बोरशिंग्याची लेक. सात वर्षांची असताना ह्याच मातीत पडून दात पाडून घेतला आणि रडायच्या ऐवजी दात शोधत बसली, ती मुक्ता हिंदुराव खराडे!”

आखाड्याच्या कडेला मुक्ता अंगाला माती लावत होती. तिचे हात थांबले. तिने स्टेजकडे बघितलं, मग गर्दीत रणधीर कुठे दिसतो का बघितलं. मग पंचाने बोलावलं.

समोर सांगोल्याकडची पोर होती, मुक्तापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, खांद्याने भरलेली. हाताला हात भिडवून खडाखडी बराच वेळ चालली. हिंदुरावांनी दोघींची घराणी सांगितली, वस्ताद सांगितले, मुक्ताचा गुडघाही सांगितला, कारण मैदानापासून काही लपवायचं नाही ही त्यांची रीत. मुक्ताने एकेरी पट काढला, पोरीला खाली आणलं आणि पाठीवर कब्जा घेतला. कमरेवरच्या डबीतून टिटिट आवाज सुरू झाला. बापूने हलगी वाढवली, तो ऐकू येऊ नये म्हणून असेल.

“घिस्सा! मंडळी, घिस्सा लावला मुक्तानं! आता पाठ मातीला लागणार, आता... सोडला! अरं सोडला! हातातली कुस्ती सोडली!”

पोर निसटली. शेवटी पंचांनी गुणांवर मुक्ताला विजयी केलं, पण चितपट ती चितपट. टाळ्या पडल्या, फेटे उडाले नाहीत. हिंदुराव खुर्चीत बसले. कानशिलं ठणकत होती, बोटं गार पडली होती, पण गरगरत नव्हतं. टिटिट थांबायला वेळ लागला.

घरी मुक्ता अंघोळ करून आली आणि वडिलांच्या पाया पडली. मग ती समोर बसली, बरीच लांब.

“बरं वाटतंय का अण्णा?” तिने विचारलं. तोच आवाज. मऊ, सपाट, रणधीरचा, शीतलचा, सगळ्या गावाचा.

“घिस्सा का सोडलास?”

“चुकलं माझं.”

हिंदुरावांनी तिच्याकडे बघितलं. ही पोरगी कधी ‘चुकलं’ म्हणाली नव्हती. शाळेत, तालमीत, आईच्या आजारपणात, कधीच नाही.

“पट पण उशिरा काढलास.”

“हो.”

“पोलिसात जाऊन खुर्चीवर बसून बसून अंग जड झालंय तुझं.”

“असेल.”

“वस्तादानं शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं. भ्याली तू. पोरीला भ्याली.”

“अण्णा, औषध घेतलं का?”

“भ्याली! माझ्या पोटची पोर, गावच्या मैदानात, कब्जा घेतलेला असताना, भ्याली!”

“तिचा खांदा निखळला होता!”

आवाज माजघरातून थेट रस्त्यावर गेला.

“माझ्या हाताखाली लागलं मला, हाड सरकलेलं,” मुक्ता उभी राहिली होती. “ओढला असता तर तिचा हात कायमचा गेला असता. एकोणीस वर्षांची आहे ती! तुम्हाला काय दिसतंय हो तिथं स्टेजवर बसून? माइक हातात आला की झालं!”

“मग पंचाला सांगायचं! हात वर करायचा!”

“सांगितलं असतं तर कुस्ती सोडवली असती आणि ती हरली असती दुखापतीवर! तिला उभ्यानं हरायचं होतं!”

“तुला कुणी सांगितलं तिला काय पाहिजे हुतं?”

“तुम्हाला कुणी सांगितलं मी भ्याले?”

डबी टिटिट करू लागली. मुक्ताचं तोंड उघडं राहिलं. ती दोन पावलं मागे सरली, भिंतीपर्यंत.

“ते वाजू दे,” हिंदुराव म्हणाले. “त्येचं काम त्येला करू दे. तू बोल.”

“अण्णा, मी...”

“बोल म्हणतोय ना! आठ महिने मी कुणाला भांडू? ह्या बापूच्या म्हशीला?”

रणधीर दारात उभा होता. त्याने बहिणीकडे बघून मान हलवली, हो अशी. पण मुक्ता बोलली नाही. तिने पिशवी उचलली, बाहेर थांबलेल्या जीपच्या चालकाला हाक मारली आणि वडिलांना न सांगता निघून गेली. दार आपटलं की वाऱ्याने लागलं हे कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव रक्त तपासायला कोल्हापूरला गेले. आकडे चांगले नव्हते. रक्ताच्या पेशी फुटायचं प्रमाण वाढलं होतं. डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि रेहानाने या आठवड्यात आवाज चढवू नका असं सांगितलं. “भांडण झालं का?” तिने निघताना विचारलं. “अर्धं,” हिंदुराव म्हणाले.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले. रणधीर शेजारी पायरीवर बसला. रस्त्यावरून उसाच्या गाड्या गेल्या. गावात जत्रेचे मांडव उतरवत होते, त्याचे बांबू पडल्याचे आवाज येत होते. बापू आला नाही. दिवे लागले तरी हिंदुराव उठले नाहीत, आणि रणधीरही नाही.

फोन वाजला तेव्हा रणधीरने नाव बघितलं आणि तो वडिलांच्या हातात दिला.

“आणि दुसरं म्हणजे,” मुक्ता म्हणाली, हॅलो नाही, काही नाही, “तो घिस्सा नव्हताच. हप्ता होता. हप्ता! सगळ्या मैदानासमोर चुकीचा डाव सांगितलात तुम्ही.”

पट्ट्यावर टिटिट सुरू झालं. हिंदुरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि खुर्चीत नीट बसून घेतलं.

“तुझ्या बापानं तीस वर्षं मैदानं मारल्यात,” ते म्हणाले. “आता तू मला हप्ता शिकवणार?”

“शिकवणार. कान उघडे ठेवा,” मुक्ता म्हणाली, “पहिल्यांदा तिचा डावा हात कुठं होता ते सांगा.”